वेगाचं कार्ड घेऊन डोंबिवलीला

ठाण्याला तीन हात नाक्यावर बसमधून उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्या दोन्ही मांड्या बधिर झाल्या होत्या. सांगलीकडून निघाल्यापासून पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. शेजारच्या गृहस्थांनी वाटेत एकदा विचारलंही, "काका, वर ठेवून देऊ का?" मी म्हणालो, "असू दे." न मागता मदत करणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो, मग आभार सुचतात. आमची ही म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी चपलांकडे बघता. बघतोच. तीन वेळा गेल्यात माझ्या.

पिशवीत एक जुना टॉवेल होता, टॉवेलात चंदेरी पाकीट आणि पाकिटात वहीच्या पानाएवढं एक हिरवं कार्ड. आमच्या साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं, टर्बाइनवर वीज होते. त्या टर्बाइनचा वेग मोजायचं काम हे कार्ड करतं. वेग मर्यादेबाहेर गेला असं त्याला वाटलं की ते क्षणात वाफ तोडतं आणि सगळं बंद. ह्याला आम्ही ट्रिप म्हणतो. ह्या गळिताला टर्बाइन चार वेळा ट्रिप झालं. चारही वेळा दुसऱ्या मीटरवर वेग अगदी बरोबर होता, कार्डानेच उगीच बोंब ठोकली होती. आणि चारही वेळा पहाटे, पॅनेलवर कांबळे असताना.

कांबळे हा आमचा ऑपरेटर. वीस वर्षं नोकरी झालेला, कमी बोलणारा. पहाटेपर्यंतची तिसरी पाळी त्याने स्वतःहून कायमची मागून घेतलेली. तिसरी पाळी कोणी मागून घेतं का हो? म्हणे आई अंथरुणाला खिळलीय, दिवसा तिच्यापाशी कोणी नसतं. असेलही. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यातून खंडेनवमीला आम्ही पॅनेलची पूजा करतो, तेव्हा हा आपला दाराशी उभा. हात जोडत नाही ते एक वेळ ठीक; त्याच्या घरी बुद्धवंदना असते, त्यावर मी कधी बोललो नाही. पण ह्या वर्षी भर पूजेत त्याने मध्येच तोंड घातलं आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून उतरला.

चौथ्या ट्रिपनंतर शेजारच्या कारखान्याचं उसनं कार्ड आणून बसवलं आणि त्याच दिवशी कांबळेला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. त्यानंतर एकदाही ट्रिप नाही. आता तुम्हीच सांगा, संशय कुठे जाईल? चौकशीचा अहवाल मीच लिहायचा होता, कारण इन्स्ट्रुमेंट विभाग माझ्याकडे. सोमवारी अहवाल गेला की कांबळेची नोकरी जाणार, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. अहवाल लिहूनही झाला होता. कार्डात कोणीतरी मुद्दाम काही केलंय, एवढं जाणकाराचं लेखी हवं होतं. त्यासाठी हा प्रवास.

वागळे इस्टेटमधलं कार्डदुरुस्तीचं दुकान दहाला उघडणार होतं. तोवर एका गल्लीत मिसळ खायला बसलो. ठाण्याची मिसळ तिखट असते असं ऐकून होतो. आमच्या बाजूच्या माणसाने दुसऱ्याच्या तिखटावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणून तर्री (आपला कट) जास्तीची मागितली. वेटर म्हणाला, "काका, आधी एक घास खाऊन बघा ना." मी म्हणालो, "तू घाल रे." चौथ्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी सुरू झालं. भिंतीकडे तोंड करून बसलो आणि पिशवीवर हात ठेवूनच दोन पाव संपवले. मिसळ चांगली होती, हे कबूल करायला हवं.

दुकान म्हणजे एका जुन्या गाळ्यात कार्डांची थप्पीच थप्पी. मालक चाळिशीचा, बोटात दोन अंगठ्या. कार्ड त्याने ट्यूबलाइटसमोर धरलं, पालथं केलं, परत सुलटं केलं. "गेलंय हे साहेब. चिप उडालीय. नवीनच घ्या, आपल्याकडे आहे."

"जोडून नाही बघणार?"

"अहो, रोजची पन्नास बघतो. चेहऱ्यावरून कळतं."

मग मी आवाज जरा खाली आणून विचारलं, "कोणी मुद्दाम बिघडवलं असेल का?"

त्याने कार्ड खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला काय पाहिजे साहेब? छेडछाड पाहिजे? देतो लिहून. लेटरहेड आहे, शिक्का आहे. टेन्शन घेऊ नका."

आणि दिलंन की हो लिहून! साडेदहाला पत्र माझ्या खिशात. 'सदर कार्डात हेतुपुरस्सर छेडछाड झालेली आढळते.' कार्डाच्या मागे पूर्वीच्या दुरुस्तीचं एक जुनं लेबल होतं, त्यावर शाईने 'बापट, डोंबिवली पूर्व' आणि फोन नंबर. ते दाखवून मी जाता जाता विचारलं, हे बापट कसे आहेत म्हणून. तो हसला. "ती म्हातारी? अजून करते? सोडा हो, घरात बसून सोल्डरिंग करणारे लोक."

तलावपाळीला जाऊन बाकावर बसलो. पाण्यात एक रिकामी होडी बांधलेली होती, आजोबा लोक फेऱ्या मारत होते, भेळवाला कांदा चिरत होता. काम फत्ते झालं होतं. दुपारच्या बसने परत निघायला हरकत नव्हती. पण खिशातलं पत्र मला टोचायला लागलं. जो माणूस कार्डाला वायर न लावता 'छेडछाड' लिहितो, तो उद्या कांबळे आला तर 'ठणठणीत' असंही लिहून देईल. मी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला आणि ऐन वेळी अंगठीवाल्यावर विश्वास ठेवायचा? छट्! लेबलावरचा नंबर लावला.

पलीकडून बाईंचा आवाज आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कार्ड काढताना वीज बंद केली होती का?"

"केली होती."

"मग या. मानपाड्याला, एमआयडीसीच्या निवासी भागात. दोन वाजता. आणि कार्ड पुसू नका."

रिक्षा केली. "मानपाडा." रिक्षा घोडबंदर रस्त्याला लागली, मेट्रोच्या खांबांखालून चालली आणि वीस मिनिटांनी एका चौकात थांबली. मी एमआयडीसी विचारली तर पानवाला हसायला लागला. "काका, हा ठाण्याचा मानपाडा. तुमचा डोंबिवलीचा. तो राहिला तिकडे." मी रिक्षावाल्यावर उखडलो, "मुद्दाम आणलंस ना, नवखा बघून?" तो म्हणाला, "काय काका! तुम्ही मानपाडा बोललात, मी मानपाड्याला आणलं. डोंबिवली बोललेलात का?" एका शहराला लागून दुसरं शहर असताना दोघांनी मिळून एकच नाव का वापरावं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग कल्याणकडे जाणारी बस धरली. मुंब्र्याला उजवीकडे पारसिकचा डोंगर, डावीकडे घरांच्या मागे खाडीची एक राखाडी पट्टी. शिळफाट्यावर ट्रकच्या रांगेत अर्धा तास गेला. पुढे दोन्ही बाजूंना तीस-तीस मजली इमारती आणि त्यांच्या मध्ये मध्ये चुकून राहिल्यासारखी भाताची खाचरं. टिटवाळ्याच्या घरांची जाहिरात इथल्या रस्त्यावर, त्यात पोहण्याचा तलाव आणि गोरं गोरं कुटुंब. माझ्या शेजारची बाई शिळफाट्यापासून गाढ झोपली होती. एकाएकी रबर जळल्यासारखा आणि त्यात थोडा गोडसर असा कसलासा वास आला. तिने डोळे न उघडता नाक उडवलं, म्हणाली, "आला मानपाडा," आणि उठून दाराशी गेली. इथली माणसं स्टॉप वासावरून ओळखतात.

शेवटच्या टप्प्याला रिक्षावाला आगरी म्हातारा होता. "कुठशी आयलास दादूस?" (दादूस म्हणजे थोरला भाऊ, इकडे अनोळख्यालाही म्हणतात.) मी सांगितलं, सांगलीकडून. "पिशवीन काय हाय?"

"औषधं आहेत," मी म्हणालो.

"एवरी घट धरलीस, मना वाटला सोना हाय." तो आरशातून बघून हसला. मी पिशवी आणखी घट्ट धरली.

बापट बाई तळमजल्यावर राहतात. पासष्टीच्या पुढच्या, सुती साडी, कपाळावर पट्ट्याने बांधलेलं भिंग. पूर्वी कुठल्याशा कंपनीत कार्डं तपासण्याचं काम करत होत्या, निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत टेबल मांडलं. त्यांनी कार्ड आधी घेतलंच नाही. समोर वाटीत उकड ठेवली (ताकात शिजवलेलं तांदळाचं पीठ, वर लसूण-मिरचीची फोडणी). "खा. उपाशी माणसाला आपलंच खरं वाटतं." मला ते जरा लागलं, पण उकड सकाळच्या मिसळीवर फारच गार वाटली.

मग त्यांनी कार्ड एका जुन्या खोक्याला जोडलं. ते खोकं टर्बाइनजवळच्या सेन्सरसारखे ठोके देतं. पडद्यावर आकडा आला, मिनिटाला सहा हजार फेरे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सहा हजार ते सहा हजारच.

"बघा!" मी म्हणालो. "म्हणजे कार्ड बरोबर आहे. कोणीतरी हात लावतं तेव्हाच बिघडतं."

"नाव ठरवून आला आहात वाटतं."

मी सगळं सांगितलं. मागून घेतलेली तिसरी पाळी, चार पहाटा, घरी बसवल्यापासून टर्बाइन कसं सुतासारखं सरळ चाललंय. बाईंनी ऐकून घेतलं. "उसनं कार्ड बसवलंत आणि त्या माणसाला घरी बसवलंत. दोन्ही एकाच दिवशी?"

"हो."

"मग थांबलं ते कशाने थांबलं, तुम्हाला कसं कळलं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे तुम्हाला मी सांगायचं?"

माझे कान गरम झाले. बत्तीस वर्षं मी नवीन पोरांना हेच वाक्य सांगत आलोय.

"पहाटे तुमच्याकडे हवा कशी असते?"

"नदीकाठ आहे. धुकं, दव. पॅनेलच्या पत्र्याला कधी कधी पाणी सुटतं."

बाई वाकल्या आणि चष्म्याची काच पुसताना करतो तसा कार्डावर त्यांनी तोंडाने 'हाऽऽ' केला. पडद्यावरचा आकडा हलला. सहा हजार दोनशे, सहा हजार पाचशे, सात हजार. टक् असा आवाज झाला. वाफ तुटली. म्हणजे तुटली असती.

मी काय केलं असेल? वाकून टेबलाखाली पाहिलं. पायाने एखादं बटण दाबलं असलं तर?

बाई खळखळून हसल्या. पाय वर खुर्चीत घेऊन बसल्या. "आता तुम्ही करा."

मी केलं. टक्. पुन्हा केलं. टक्. मग त्यांनी मला कार्डाच्या एकेका कोपऱ्यावर हाऽऽ करायला लावलं. वरचा कोपरा, काही नाही. मधला भाग, काही नाही. फक्त खालच्या कडेला, जिथे कार्डाचे दात पॅनेलमध्ये बसतात त्याच्या वर, तिथे श्वास लागला की आकडा पळत सुटायचा.

वीज बंद करून बाईंनी तिथे भिंग धरलं आणि मला बघायला सांगितलं. चिपच्या दोन-तीन पायांच्या मधून एक तांबूस पापुद्रा पसरला होता, बोटाच्या टोकाएवढा. मी म्हणालो, "गंज?"

त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस तिथे फिरवला. कापूस लाल झाला. त्यांनी तो नाकाशी नेला, मग माझ्या पुढे धरला.

"कुंकू आहे हे. पाण्यात कालवून लावलेलं. ह्यात चुना आणि काय काय क्षार असतात. कोरडं असलं की गप्प बसतं. दमट हवा लागली की त्यातून वीज पाझरते आणि कार्ड नसलेले फेरे मोजायला लागतं. म्हणून पहाटे." त्यांनी भिंग परत डागावर धरलं. "बोट बघा, कसं नीट टेकवलंय. अनामिका असणार. भक्तीने लावलंय कोणीतरी."

माझी नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली.

खंडेनवमीच्या दिवशी गळिताआधीची साफसफाई झाली होती. कार्डं पॅनेलमधून काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडली होती. दरवर्षी मी पॅनेलच्या दाराला कुंकू लावतो. ह्या वर्षी मला काय सुचलं कोण जाणे. वेगाचं कार्ड उचललं, "हे आपल्या टर्बाइनचं काळीज" असं सगळ्यांना सांगितलं आणि त्याच्या कडेला बोट टेकवलं. तेव्हा दारातून कांबळे बोलला होता. "सायेब, कार्डाला नको. दाराला लावा. वलं हाय त्ये."

आणि पंधरा माणसांसमोर मी म्हणालो होतो, "तुला काय कळतंय त्यातलं? तू बाहेर थांब."

तो बाहेर जाऊन थांबला होता. आरती होईपर्यंत.

"कोणी लावलं, माहीत आहे का?" बाईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "मीच लावलं." लाज वाटली, नुसती लाज. इतकी वर्षं लोकांच्या खिशात बघत आलो आणि स्वतःचं बोट कधी तपासलं नाही. आमची ही असती तर म्हणाली असती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा तर खरंच काखेत घेऊन दोन मानपाडे फिरलो होतो.

बाईंनी दात घासायच्या जुन्या ब्रशने ती कड स्पिरिटने धुतली, दिव्याखाली वाळवली आणि कार्ड परत जोडलं. मला म्हणाल्या, "करा." मी छाती भरून हाऽऽ केला. सहा हजार. परत केला. सहा हजार.

"लेखी हवं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. वहीचं पान फाडून त्यांनी चार ओळी लिहिल्या. काय सापडलं, कुठे सापडलं, कसं तपासलं, कसं धुतलं. शिक्का नाही की लेटरहेड नाही. खाली सही, बापट.

परतीची बस कल्याणहून मिळाली. बसायला खिडकी मिळाली, पिशवी वरच्या फळीवर टाकली. खिशात दोन कागद होते. खोटं कशाला बोलू, मोह झाला. कार्ड धुतलेलं होतं, डाग गेला होता. वहीचं पान खिडकीतून सोडून दिलं असतं तर जगात कोणाला कळणार होतं? बापट बाई काही सांगलीला येणार नव्हत्या. अंगठीवाल्याचं पत्र शिक्क्यासकट तयार होतं. कर्जत येईपर्यंत मी दोन्ही कागदांवर हात ठेवून बसलो होतो. मग शिक्केवाला कागद बाहेर काढला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. शेजारच्या बाईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पाहू दे म्हटलं.

सकाळी उतरलो तो घरी न जाता थेट नदीकडच्या वस्तीत गेलो. कांबळेचं दार उघडंच होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाटेवर त्याची आई. कांबळे तिला चमच्याने पेज भरवत होता. मला पाहून त्याने चमचा वाटीत ठेवला. त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं असणार, साहेब स्वतः कागद घेऊन आले.

मी टॉवेल सोडून कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते उजेडाकडे नेलं आणि वरचं काही न बघता सरळ खालची कड बघितली.

"धुतलं व्हय," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या ट्रिपला वाटलं हुतं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या? नोकरी जात होती तुझी!"

"बोललो हुतो की. एकदा." तो कार्डाकडेच बघत होता. "परत बोललो असतो तर पूजेवर बोलतोय म्हटला असता. पयल्यांदा काय म्हटला, आठवा."

आठवत होतंच. मी तिथेच उंबऱ्याबाहेर बसलो, पिशवीतून अहवालाची वही काढली, जुनी पानं फाडली आणि गुडघ्यावर वही ठेवून नवीन लिहायला घेतला. बिघाडाचं कारण लिहिलं. जबाबदार व्यक्ती ह्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. सही करून कांबळेकडे दिला. म्हटलं, माफी मागतो. एकेक शब्द बोटाखाली घेत त्याने सगळं वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे धरला.

"मी आधी सांगितलं हुतं, ते न्हाई ह्यात."

मी लिहिलं. ऑपरेटर कांबळे यांनी पूजेच्या वेळी स्पष्ट सूचना दिली होती.

"तुमी काय म्हटला, तेबी लिवा."

अहवालात असली वाक्यं लिहीत नाहीत. कार्यकारी संचालकांच्या टेबलावर जायचा कागद तो. पेन दोन वेळा उचलला आणि मग लिहिलं, अवतरण चिन्हात, जसं बोललो होतो तसं. तू बाहेर थांब, हेसुद्धा.

कांबळेने कागद घेतला, खाटेपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आई, ऐक." पहिल्या ओळीपासून त्याने तिला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. माझ्या वाक्यापाशी आला तेव्हा त्याने तेही जसंच्या तसं वाचलं. म्हातारीने मान वळवून दाराकडे पाहिलं. मी दाराबाहेर उभा होतो. आत या असं कोणी म्हणालं नाही, आणि वाचून होईपर्यंत मी तिथेच थांबलो.